अक्षरं दिल्याशिवाय हटणार नाही

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. जुना म्हणा, माझी हरकत नाही. मोडका मात्र म्हणू नका. माझी एकही कळ अडकत नाही आणि पोटातली एकही तार तुटलेली नाही. नव्या संगणकाने मला हरवलं असं कुणी सांगत असेल, तर तेही खोटं. काय घडलं ते मी सांगतो, मग तुमचं तुम्ही ठरवा.

माझा जन्म चौऱ्याऐंशी सालचा. दिसायला मी टाइपरायटरच्या धाकट्या भावासारखा, अंग पांढुरकं आणि कळा काळ्या. मला स्वतःचा पडदा नव्हता, टीव्ही जोडावा लागे. स्मरणशक्तीही अशी की वीज गेली की शिकलेलं सगळं विसरायचो. म्हणून माझी विद्या एका कॅसेटवर भरून ठेवत. अगदी गाण्याची असते तसलीच कॅसेट. खोक्यात बंद होऊन मी मालगाडीने नागपूरला आलो आणि जरीपटक्याजवळच्या एका शाळेत उतरलो. ती शाळा ऐकू न येणाऱ्या मुलांची होती.

मला हळदकुंकू लागलं, हार पडला. मग मुख्याध्यापक मधुकररावांच्या खोलीत माझी स्थापना झाली आणि माझ्यावर मखमलीचं झाकण आलं. पाहुणे आले की झाकण उचलायचं, "हा आमचा संगणक" म्हणायचं आणि झाकण पुन्हा टाकायचं. मधुकरराव माणूस भला, पण भारी भित्रा. यंत्र बिघडलं तर संस्थेला काय तोंड दाखवायचं, या धास्तीने ते मला सुरूच करत नसत. त्या खोलीत कूलर होता, तो मात्र दिवसभर चालायचा. माझ्यापेक्षा त्याने जास्त काम केलं.

तिसरीच्या वर्गाला पुष्पलताबाई होत्या. काटोलकडच्या शेतकऱ्याची लेक. आवाज असा खणखणीत की बांधावरून हाक मारली तर चार शेतांपलीकडचा बैल मान वळवेल. आणि नशिबाने नेमकी ऐकू न येणारी मुलं शिकवायला मिळाली! शाळेत त्या पुस्तकी मराठी बोलत, पण राग आला की काटोल बाहेर पडायचं. एके दिवशी त्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, "सर, हे देव्हाऱ्यातलं यंत्र मला वर्गात द्या."

"अहो बाई, बिघडलं म्हणजे?"

"अन् न वापरता काय सुधारून राहिलं काय?"

मधुकररावांनी झाकण उचललं. मी तिसरीच्या वर्गात आलो. झाकण खोलीतच राहिलं.

आता मित्रांनो, एक अडचण होती. मला इंग्रजी अक्षरंच येत होती, आणि मुलं शिकत होती मराठी. बाईंनी माझ्यासोबत आलेलं पुस्तक शब्दकोश हाताशी घेऊन वाचून काढलं. त्यात एका कोपऱ्यात लिहिलं होतं की या यंत्राला हवी ती नवी आकृती शिकवता येते. आठ आडव्या आणि आठ उभ्या चौकटी. कुठली चौकट उजळायची आणि कुठली काळी ठेवायची, एवढं सांगायचं.

बाई एकट्याच हसल्या. "हे तर दोसुतीवरचं भरतकाम झालं!" त्या म्हणाल्या. लहानपणी त्यांनी दोसुतीच्या कापडावर फुल्या मोजून पोपट भरले होते. आता त्या गणिताच्या चौकटींच्या कागदावर 'क' भरू लागल्या. 'ग' सोपा गेला. 'झ'ने रडकुंडीला आणलं. वेलांटी अक्षराच्या डोक्यावरून निसटायची, उकार पायाशी अडखळायचा. कोराडीचं वीज केंद्र एवढं जवळ की वारा फिरला की त्याची राख आमच्या खिडकीत यायची, पण वीज मात्र पाहुण्यासारखी यायची आणि न सांगता उठून जायची. मग मी सगळं विसरायचो. बाई कपाळाला हात लावायच्या, पदर खोचायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून शिकवायला बसायच्या. मला कुणी इतक्या हट्टाने शिकवेल असं माझ्या कारखान्यातही कुणाला वाटलं नसेल. शेवटी माझी मराठी कॅसेटवर चढली. रोज सकाळी ती लावली की कर्कश किरकिर व्हायची. शेजारच्या वर्गातले शिक्षक कानांवर हात ठेवायचे. आमच्या मुलांना काहीच त्रास नव्हता. ती कॅसेटच्या यंत्रावर तळहात ठेवून ती किरकिर हातानेच ओळखत आणि संपली की टाळ्या वाजवत.

त्या वर्गात गोपिका नावाची मुलगी होती. तिचे वडील रुपराव कोराडीला वीज केंद्रात कोळशाच्या कामावर. ती रोज तिथल्या वसाहतीतून बसने यायची. शाळेत उशिरा घातलेली, त्यामुळे वर्गात सर्वांत उंच. घरी, वसाहतीत, बसमध्ये सगळे तिला 'मुकी' म्हणत. फळ्यावरचं अक्षर ती हुबेहूब उतरवायची, पण चित्र उतरवावं तसं. त्या आकाराचा आपल्याशी काही संबंध आहे हे तिला पटलेलंच नव्हतं.

बाईंनी तिला माझ्यासमोर बसवलं. माझ्या कळांवर मराठी अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. गोपिकाने 'ग' दाबला. टीव्हीभर 'ग' उमटला. तिने चटकन बोट मागे घेतलं, चोरी पकडल्यासारखं. मग पुन्हा दाबला. आणखी एक 'ग'. ती माझ्याकडे पाहू लागली. फळा कधी तिचं ऐकत नव्हता, मी ऐकत होतो! त्या दिवशी तिने दुसऱ्या कुणाला माझ्याजवळ फिरकू दिलं नाही. बाईंनी तिला तिचं नाव दाखवलं, मग स्वतःकडे बोट दाखवून स्वतःचं. मग खिडकी, डबा, चप्पल. कित्येक महिने असं चाललं. आणि एका दुपारी बाई दुसऱ्या मुलाची वही तपासत असताना गोपिकाने कुणीही न सांगता, कुठेही न पाहता, माझ्या पडद्यावर लिहिलं:

मी मुकी नाही. गोपिका.

बाई वळल्या. वाचलं. संध्याकाळी रुपराव लेकीला न्यायला आले तोवर त्यांनी मला बंद होऊ दिलं नाही.

"हे इनं लिवलं?" रुपरावांनी विचारलं.

"हौ. इनंच."

"तुमी सांगतलं असन."

"मी काहून सांगू? घरी तिला काय म्हणता ते मला काय ठाऊक?"

रुपरावांनी पडद्यावरच्या एकेका अक्षरावरून बोट फिरवलं. मग लेकीच्या डोक्यावर हात ठेवून तिच्या डोळ्यांसमोर तोंड नेऊन हळूहळू म्हणाले, "गो-पि-का." तिला ओठ वाचता येत होते.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सर्वांत चांगले दिवस. वर्तमानपत्रात माझं छायाचित्रही आलं. त्यात मी कमी आणि मधुकरराव जास्त दिसतात.

मग अठ्ठ्याऐंशी साल उजाडलं. संस्थेचे अध्यक्ष भैय्याजी, कापडाचे मोठे व्यापारी. त्यांनी आपल्या आईच्या स्मरणार्थ शाळेला चार नवे संगणक दिले. ते माझ्या जातीचे नव्हते. धिप्पाड, स्वतःचा पडदा असलेले, त्यावर हिरवी अक्षरं. त्यांना कॅसेट लागत नव्हती, चपटी तबकडी पुरत होती. बँका, कचेऱ्या, कारखाने, सगळं जग आता त्यांच्याकडेच वळत होतं. विकणाऱ्याने बदल्यात मला घेऊन जायचं ठरलं होतं.

पुष्पलताबाईंनी उद्घाटनाच्या आदल्या दिवशी नवा संगणक सुरू करून पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. त्याच्या पडद्यावरची अक्षरं कारखान्यातच कायमची ठरलेली होती. त्याला नवी आकृती शिकवायची सोयच नव्हती. इंग्रजी सोडून तो काही लिहिणार नव्हता. त्या तशाच भैय्याजींच्या दुकानात गेल्या. परत येऊन मधुकररावांना त्यांनी जे सांगितलं ते मी ऐकलं.

"म्हणतात, बाई, जमाना कुठच्या कुठं गेला अन् तुमी अजून टीव्हीले वायर जोडून राहिल्या. म्हणतात, पोरायले नोकरी कोन देईन? ज्याले इंग्रजी येईन त्याले."

"खोटं नाही ते," मधुकरराव म्हणाले.

"अर्धं खरं आहे, सर. निम्म्या मुलांना अजून 'आई' लिहिता येत नाही. आधी 'मदर' कसं शिकवू?"

"उद्या समारंभ आहे. कृपा करून काही बोलू नका."

बाई बोलल्या नाहीत. जे बोलायचं ते दुसऱ्यानेच बोलून टाकलं.

समारंभ आमच्याच वर्गात झाला. नवे चार संगणक ओळीने मांडलेले, भिंतीवर संगमरवरी पाटी, आणि मी कोपऱ्यातल्या टेबलावर, बांधून न्यायला तयार. माझी तार मात्र बाईंनी काढली नव्हती. उद्घाटनाची कळ दाबायला गोपिकाला पुढे केलं. तिने कळ दाबली. हिरवी इंग्रजी अक्षरं आली, टाळ्या पडल्या. गोपिका हलली नाही. जिथे 'ग' असायचा तिथे तिने बोट ठेवलं. इंग्रजी अक्षर आलं. शेजारची कळ दाबली. तेच. तिने पुढच्या संगणकाकडे जाऊन पाहिलं, तिथेही तेच. मग ती सरळ पाहुण्यांच्या मधून चालत माझ्याकडे आली, माझं बटण दाबलं आणि कॅसेट लावली.

खोलीभर किरकिर सुरू झाली. मित्रांनो, माझी मराठी चढायला बराच वेळ लागायचा, आणि तेवढा वेळ कुणाला कुणाचं बोलणं ऐकू जात नव्हतं. मधुकरराव हातवारे करत होते, "बंद करा, बंद करा!" ते माझ्याकडे निघाले तेव्हा पुष्पलताबाई त्यांच्या वाटेत येऊन उभ्या राहिल्या. हाताची घडी घालून. इतर मुलं एकेक करून माझ्याभोवती जमली आणि कॅसेटच्या यंत्रावर तळहात ठेवून वाट पाहू लागली. भैय्याजी हार गळ्यात घेऊन उभे होते. त्यांच्या दुकानात त्यांना कुणी असं थांबवून ठेवलं नसेल.

किरकिर थांबली. गोपिकाने लिहिलं:

नव्याला मराठी येत नाही. मला येते.

पाहुण्यांतलं कुणीतरी हसलं. भैय्याजींनी हार काढला, टेबलावर ठेवला आणि चहा न घेता निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मधुकरराव कळवळून म्हणाले, "बाई, जाऊन माफी मागा. नाहीतर माझ्या हातात काही राहणार नाही."

"माफी कशाची, सर? आपली शाळा कशाची? मुलांना बोलायला शिकवायची. ती बोलली."

"सोमवारी गाडी येणार आहे. संगणक जाईल. तुम्ही अडवलंत तर तुमची नोकरी जाईल. मला हे सांगावं लागतं आहे."

"तुम्ही सांगितलं, मी ऐकलं."

सोमवारी बाईंनी तिसरीचा सगळा वर्ग माझ्याभोवती बसवला आणि गाडीवाला आला तेव्हा त्या वाचन घेत होत्या. तो दारात उभा राहिला. बाईंनी त्याला बोटाने गप्प राहायची खूण केली. ऐकू न येणाऱ्या मुलांच्या वर्गात! तोही बिचारा गप्प राहिला आणि थोड्या वेळाने रिकामी गाडी घेऊन गेला.

मग भैय्याजी स्वतः आले. सोबत कुणी नाही. दुपारची सुट्टी होती, खोलीत बाई आणि गोपिका दोघीच.

"बाई, तुमी मले चारचौघांत खाली पाहाले लावलं," ते उभ्याउभ्याच म्हणाले. "मी काय वाईट केलं? आईच्या नावानं दान देल्लं."

"दान चांगलंच आहे, भैय्याजी. एक काम करा. तुमच्या आईच्या नावानं दिलेत ना? मग त्यांचं नाव त्यावर लिहून दाखवा."

भैय्याजी नव्या संगणकाकडे वळले, थबकले. भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं. तिथे मराठीत कोरलेलं होतं, रुख्मिणी.

"तुमच्या जुन्यावर येते?"

गोपिका पाटीकडे पाहून अक्षरं दाबू लागली. 'रु' आला. आणि मग ती थांबली. मी खरं तेच सांगतो, मित्रांनो: 'ख्मि' माझ्याकडे नव्हता. ते जोडाक्षर बाईंनी कधी भरलंच नव्हतं, कारण त्या नावाचं कुणी वर्गात नव्हतं.

"पाहा!" भैय्याजी म्हणाले.

"पाहातेच," बाई म्हणाल्या आणि चौकटींचा कागद पुढे ओढला. त्यांनी अर्धा 'ख' एका घरात बसवला, 'म' त्याला टेकवला, पहिली वेलांटी वरून वळवून आणली. दोनदा खोडलं. भैय्याजी खुर्ची ओढून बसले. तिसऱ्यांदा खोडल्यावर त्यांच्याही नकळत त्यांचं बोट कागदावर आलं. "इथं एक फुली जास्त झाली, बाई. अटकून राहिली." खरंच अडकत होती. कापडाचा धंदा त्यांचा, वीण त्यांना कळत होती. बाईंनी ती खोडली, मला आकडे सांगितले, आणि गोपिकाने कळ दाबली.

रुख्मिणी.

टीव्हीभर. भैय्याजी चष्मा काढून पुसू लागले.

"माह्या आईले सही नोती येत," ते म्हणाले. "अंगठा लावे. आपलं नाव तिनं कदी वाचलंच नाही." आणि मग एकदम नव्या संगणकाकडे हात करून, "मंग हे त्याच्यावर काहून येत नाही?"

बाईंनी सांगितलं. त्या जातीच्या संगणकातही चित्र काढणारं एक कार्ड बसवता येतं, पडदाही निराळा मिळतो. तसा असता तर त्यालाही शिकवता आलं असतं.

"इकणाऱ्यानं मले सांगतलं नाही."

"तुम्ही त्याला विचारलं नाही, भैय्याजी. आणि आम्हालाही विचारलं नाही."

"लय कडक बोलता तुमी."

"हौ."

भैय्याजींना पहिल्यांदा हसू आलं. पण ते व्यापारी होते, सगळं हातचं सोडणारे नव्हते. "दोन बदलून देतो. दोन इंग्रजीचेच राहतीन. पोरायनं तेही शिकलं पाहिजे. अन् मराठी तिकडं गेली की तुमी हट्ट सोडाचा. नव्यावरच शिकवाचं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तेही शिकवू. पण माझं एकही अक्षर वाटेत सांडणार नाही."

बदललेले दोन संगणक आले, आणि आता माझी पाळी आली. माझी कॅसेट नव्याला वाचता येत नव्हती, त्याची तबकडी मला गिळता येत नव्हती. जरीपटक्यात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे कवडू होते. त्यांनी आम्हा दोघांच्या मधे एक तार जोडून दिली. मी ज्या भाषेत विचार करतो ती नव्यालाही येत होती, पण निराळ्या वळणाची. नागपूरची मराठी आणि पुण्याची मराठी, तसं. बाई उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज येऊन आमच्या दुभाषी झाल्या. गोपिकाही यायची.

मला राग होता का? होता. ज्याच्यामुळे माझी जागा जाणार त्यालाच माझी विद्या द्यायची! पण मी न देता गेलो असतो तर मी फक्त भंगार झालो असतो, आणि तिसरीची मुलं पुन्हा मुकी झाली असती. तेवढं मी कुणालाही करू देणार नव्हतो. म्हणून मी दिली. एकेक अक्षर तारेतून पाठवलं.

पहिला 'क' पलीकडे पोहोचला तो उलटा. शिरोरेघ पायाखाली आणि पाय वर! सगळी बाराखडी शीर्षासन करत उभी राहिली. गोपिका पोट धरून हसली, आणि बाईसुद्धा. नवा एवढा धिप्पाड, पण पहिल्या दिवशी माझ्यापुढे अक्षरशः उलटा पडला. बाईंनी त्याचा क्रम फिरवून दिला तेव्हा कुठे तो सरळ लिहू लागला. 'झ' गेला, 'ज्ञ' गेला, 'ख्मि' गेला. एकही सांडलं नाही.

शाळा उघडली तेव्हा मुलं नव्यासमोर बसली. बाईंची नोकरी राहिली. मधुकररावांनी नव्या संगणकांसाठी झाकणं शिवून आणली होती, ती बाईंनी दुसऱ्याच दिवशी फळा पुसायला वापरली. गोपिका आता वरच्या वर्गात गेली आहे. जे जोडाक्षर सापडत नाही ते ती स्वतः चौकटींत भरते आणि धाकट्यांना दाखवते, कुणाला विचारत बसत नाही. मला न्यायला पुन्हा गाडी आली नाही, कारण आता मला कुणी विकत घेईना. माझा टीव्ही शिक्षकांच्या खोलीत गेला. मी एका फळीवर आहे.

मित्रांनो, नवं खुशाल घ्या. मी कुणाला अडवत नाही. पण जुनं उचलून बाहेर ठेवण्याआधी त्याच्यात कुणी काय जपून ठेवलं आहे ते उघडून पाहा, आणि ते नव्यात पोहोचवा. नवं देणारा कितीही मोठा असला तरी त्याला तोंडावर विचारा, "यात माझं नाव लिहिता येतं का?" नाही म्हणाला, तर जागचे हलू नका. त्यालाच ते शिकायला लावा.

आणि फळीवर मी दिसलो तर हळहळत उभे राहू नका, मला ते आवडत नाही. धूळ तेवढी पुसा. बाकी मी धडधाकट आहे.